ग्रंथालयाचा स्थानिक इतिहास विभाग: काही महिन्यांच्या वापरानंतर

शंभरी ओलांडलेल्या एका सार्वजनिक ग्रंथालयाचा स्थानिक इतिहास विभाग मी गेले काही महिने नेमाने वापरतोय. माझा विषय होता शहरातलं पाणी: नळ यायच्या आधी कोण कुठल्या विहिरीवर भरत होतं, आणि कोणाला भरू दिलं जात नव्हतं. या विषयावर तयार पुस्तक नाही, पण कागद आहेत, आणि ते इथेच आहेत.

लोक इथे येतात ते बहुधा गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्यांची माहिती देणारे सरकारी ग्रंथ बघायला. कॅम्बेल यांच्या संपादनाखाली निघालेले मुंबई इलाख्याचे जुने खंड (नाशिक १८८३, पुणे आणि सातारा १८८५) सुरुवातीला चाळावेतच. पण ते सरकारी नजरेनं लिहिलेले आहेत आणि आता घरबसल्याही वाचता येतात. त्यापेक्षा जमीन महसुलाच्या फेरआकारणीचे तालुकावार अहवाल मागा. त्यांच्या परिशिष्टांत गावागणिक विहिरी, नांगर, गाड्या, गुरं यांचे आकडे मिळतात. १९५१ च्या जनगणनेपासून निघू लागलेल्या जिल्हा पुस्तिकाही अशाच कामाच्या.

माझ्या दृष्टीनं या विभागाचं खरं धन मात्र खालच्या फळीवर आहे: नगरपालिकेचे छापील वार्षिक अहवाल, स्थानिक साप्ताहिकांच्या बांधीव फायली, शाळा-मंडळांच्या स्मरणिका, सभांची हस्तपत्रकं. हे कोणी इतिहास म्हणून छापलं नव्हतं, म्हणून त्यात सारवासारव कमी.

एक उदाहरण देतो. सीताराम केशव बोले यांचा सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला. महाडच्या नगरपालिकेनं तो मानून चवदार तळं कागदावर खुलं केलं, तरी प्रत्यक्ष पाणी घ्यायला २० मार्च १९२७ चा सत्याग्रह करावा लागला. एवढं आपण शाळेत शिकतो. बाकी शहरांनी त्या ठरावाचं काय केलं? इथल्या १९२३ नंतरच्या अहवालांत विहिरींच्या गाळकाढीचा आणि दुरुस्तीचा तक्ता आहे. डावीकडे विहिरीचं नाव, उजवीकडे रुपये-आणे-पै. ठराव होऊन वर्षं लोटली तरी त्या तक्त्यात ‘अस्पृश्यांची विहीर’ ही वेगळी ओळ आहेच, आणि तिच्यापुढची रक्कम सहसा सगळ्यांत लहान. त्याच सुमाराच्या साप्ताहिकात ‘पत्रव्यवहार’ सदरात कोणीतरी विचारलंय की पाणवठा सर्वांना खुला असल्याची पाटी अजून का लागली नाही. खाली नाव नाही, नुसतं ‘एक करदाता’. ते पत्र वाचल्यावर मी बराच वेळ पुढचं पान उलटू शकलो नाही. त्या माणसाचा प्रश्न आज कोणी वाचू शकतं, कारण कोण्या ग्रंथपालानं ती फाईल बांधून ठेवली. या एका गोष्टीसाठी मी या विभागाचा ऋणी आहे.

आता अडचणी. संगणकावरची यादी अपुरी आहे. तीत ग्रंथांची नावं आहेत, पण अहवाल आणि हस्तपत्रकं ‘संकीर्ण’ या एकाच शब्दाखाली गेलीत. विषय टाकून काही हाती लागत नाही. सन धरून चालावं लागतं. जुनी हाती लिहिलेली दाखल नोंदवही बघायला मागा, कारण कोणाच्या घरातून कोणते कागद कधी आले हे तिच्यातच कळतं. विभाग सांभाळणारे काका आपला विषय नीट ऐकून घेतात आणि मग स्वतःहून दोन गठ्ठे जास्तीचे काढून देतात. यादीपेक्षा त्यांचा आधार मोठा आहे.

स्कॅन केलेल्या फायलींवर सगळी भिस्त ठेवू नका. शिळाप्रेसवर (दगडी छापखान्यात) छापलेला मजकूर संगणकाला ओळखता येत नाही, त्यामुळे शब्द शोधायची सोय नाही. कित्येक पानांचा समास कापला गेलाय, आणि कोणीतरी शाईनं केलेल्या टिपा नेमक्या तिथेच असतात. मूळ प्रत मागितली तर देतात, पण पान उलटताना जपा. दौलताबादी किंवा जुन्नरी हातकागद दोनशे वर्षांनंतरही मऊ आहे आणि त्यावरची काजळीची शाई काळीकुळकुळीत; उलट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासूनचा लाकडाच्या लगद्याचा वर्तमानपत्री कागद दुमडला की तुटतो. पेन नेऊ देत नाहीत, पेन्सिल चालते. हा नियम मला पूर्ण पटतो.

मोडी कागद थोडे आहेत, पण आहेत. एका बारवेच्या दुरुस्तीच्या कागदावर ‘सन इहिदे समानीन मया व अलफ’ असं साल होतं. हे अरबी आकडे आहेत: एक, ऐंशी, शंभर आणि हजार, म्हणजे सुहूर सन (मराठेशाहीच्या कागदांत वापरात असलेली कालगणना) ११८१. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७८० येतं. वर्ष मृगाला सुरू होत असल्यानं धरायचं १७८०-८१. शकाला ७८ मिळवायचे, दख्खनी फसलीला (महसुली हिशेबाच्या सनाला) ५९०. हे तीन आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. मोडी येत नसेल तर वाचून देणारे जाणकार ग्रंथालयच सुचवतं. मला नीट वाचून मिळालं.

घराण्याची वंशावळ हवी असेल त्यांनी इथे फार आशा धरू नये. पेठ, पाणी, शाळा, प्लेग, बाजार असा विषय असेल तर जरूर यावं, आणि हातात भरपूर वेळ ठेवून यावं.

तक्त्यातली ती वेगळी ओळ नेमकी कधी गेली, ते मला अजून सापडलेलं नाही. १९३० ते १९४० मधले बरेच अहवाल या फळीवर नाहीत. तुमच्या घरी माळ्यावर कुठल्याही नगरपालिकेचे त्या काळातले छापील अहवाल असतील, तर रद्दीत घालायच्या आधी आपल्या गावच्या ग्रंथालयात एकदा दाखवा.