वंशाचा विचार की शाळेतला क्रमांक?

अमेरिकेत कॉलेजात कृष्णवर्णीय मुलांची संख्या वाढावी म्हणून दोन वाटा निघाल्या. पहिली, अर्ज तपासताना वंशही लक्षात घेणे. १९७८ च्या ॲलन बाकी या गोऱ्या अर्जदाराच्या खटल्यात राखीव जागा बाद झाल्या, पण हा विचार टिकला. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोही जवळपास संपवला.

दुसरी टेक्सासची, १९९७ ची: प्रत्येक शाळेतल्या पहिल्या दहा टक्क्यांना सरकारी विद्यापीठात थेट प्रवेश. कायद्यात वंशाचा उल्लेखच नाही. गंमत अशी, की ही युक्ती चालते ती शाळा अजूनही वस्तीनुसार, म्हणजे बऱ्याच अंशी वंशानुसार, विभागलेल्या आहेत म्हणून! वैद्यकीय किंवा कायद्याचा प्रवेश तिथे पदवीनंतर होतो, त्याला तर ती लागूच पडत नाही. तरी मला हीच बरी वाटते. आडगावातल्या शाळेत पहिली आलेली मुलगी हिच्यातून सुटत नाही.