खाऱ्या वाऱ्यात मधपेटीचा सूट : पंधरा महिन्यांनी चेन फाकली

मधमाश्यांच्या पेट्या हाताळताना घालायचा पांढरा सूट वापरून पंधरा महिने झाले. सहा महिन्यांनी मी त्याला चार तारे दिले होते. आज दोन देते, आणि तेही फक्त कापडासाठी. गेल्या गुरुवारी जाळी आणि अंगरखा जोडणारी चेन हनुवटीखाली फाकली, एक माशी आत शिरली आणि उजव्या पापणीवर चावली. तीन दिवस डोळा उघडत नव्हता.

सूट कसा असतो, खिसे किती, हे पेट्या सांभाळणाऱ्यांना मी सांगायला नको. मला चेनबद्दलच बोलायचंय. कापड कितीही जाड असो, चेन बोटभर उघडी राहिली की सूट घातला काय नि न घातला काय.

आमची वाडी गुहागर तालुक्यात, समुद्राची गाज ऐकू येते इतक्या जवळ. नारळीखाली सातेरीच्या, म्हणजे पेटीत पाळतात त्या देशी मधमाशीच्या, सहा पेट्या आहेत. इथे धातूच्या चेनला गंज चढायला पावसाळा लागत नाही, खारा वारा पुरतो. शिवाय सूट धुवावाच लागतो. माशीने डंख मारला की त्या जागी इशाऱ्याचा वास राहतो, पिकल्या केळ्यासारखा, आणि त्या वासावर बाकीच्या माश्याही तिथेच तुटून पडतात. तो वास धुऊन काढल्याशिवाय पुढची पेटी उघडायला जाऊ नये. पण धुवायचं कशाने? वैशाखात आमच्या विहिरीचं पाणी मचूळ होतं. धुवावा तर चेन गंजते, न धुवावा तर माश्या खवळतात.

विकणाऱ्याला फोन केला. 'चेनला वॉरंटी नाही, तुम्ही समुद्राजवळ वापरलात.' पार्सलावर पत्ता तुम्हीच लिहिलात ना? त्यात कोकण वाचता आलं नाही? ते 2,150 रुपये मी मध विकून साठवले होते. राग अजून गेलेला नाही.

त्या दिवशी एक गोष्ट मात्र नीट केली. माशी जाळीत गुणगुणायला लागली की पहिली ऊर्मी येते ती जाळी ओरबाडून काढायची. पेटी उघडी असताना तसं केलं तर एकीच्या जागी पन्नास तोंडावर येतात. डावा डोळा उघडा ठेवून मी सरळ चालत माडांच्या पलीकडे गेले आणि मगच जाळी काढली. पापणीवरचा डंख नखाने खरवडला. विषाची पिशवी डंखाला चिकटलेली असते आणि आत विष ढकलत राहते, म्हणून कसा काढला यापेक्षा किती लवकर काढला याला महत्त्व. डोळ्याजवळ चावली होती, म्हणून संध्याकाळी डॉक्टरांना दाखवून आले.

सोबत आलेल्या चामड्याच्या हातमोज्यांचं पहिल्या वेळी मी फार कौतुक केलं होतं. ते मागे घेते. जाड बोटांना चौकटीचा अंदाज येत नाही, माश्या चिरडतात, आणि चिरडलेल्या माशीमुळे पुन्हा तोच केळ्याचा वास. पावसाळ्यात त्यांना बुरशीही आली. सातेरी तशी शांत असते. आता मी भांडी घासायचे पातळ रबरी मोजे घालते. गमबूट मात्र सोडत नाही. ते माशीपेक्षा फुरशासाठी. आमच्या जांभ्याच्या गडग्यात ती असतात.

स्मोकरबद्दल, म्हणजे माश्यांना धूर द्यायच्या डब्याबद्दल, तक्रार नाही. नारळाचं वाळलेलं सोडण आणि वर शेणीचा तुकडा घातला की थंड, दाट धूर येतो. धुराने इशाऱ्याचा वास झाकला जातो आणि माश्या पोटात मध भरून घ्यायला लागतात, त्यामुळे निवतात. आधी आपल्याच मनगटावर धूर सोडून बघावा, चटका बसला तर तो पेटीत सोडू नये. काम झालं की स्मोकरच्या तोंडात हिरवा पाला कोंबावा. माघ-फाल्गुनात एक ठिणगी सुक्या गवतात पडली तर काजूची अख्खी बाग जाते, म्हणून माझी पाण्याची बादली कायम शेजारी असते.

इथवर लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी शिंप्याकडून सूट आला. त्याने जुनी चेन उसवून मोठ्या दातांची प्लास्टिकची बसवली, आतून चार बोटं रुंद पट्टी शिवली आणि हनुवटीखाली दोन टोकं मिळतात तिथे वेल्क्रो लावलं. एकूण 180 रुपये. चेनच्या दातांवर मी आमच्याच पेटीतलं मेण घासलं, आता सरसर सरकते. म्हणून एक तारा वाढवते. तो विकणाऱ्याचा नव्हे, शिंप्याचा.

सूट दुरुस्त झाल्याचं कळताच वाडीतले दोघे जण आले. देवळामागच्या वडावर आग्या मोहोळ आहे, 'तुमच्याकडे सूट आहे, तेवढं उतरवून द्या.' मी नाही म्हटलं आणि पुन्हा आले तरी नाहीच म्हणेन. आग्या माशी आकाराने मोठी, एकदम शेकड्यांनी येते आणि लांबपर्यंत पाठ सोडत नाही. माझा सूट सातेरीसाठी आहे. चेन नवी असली तरी जाळी नाकाला टेकली की जाळीतूनही डंख बसतो.

आणखी एक, सूट कितीही चांगला असला तरी. पेटी उघडताना एकटं असू नये. माझा फोन अंगरख्याच्या आत अडकतो, म्हणून तो लेकीकडे असतो आणि ती पंधरा-वीस पावलांवर थांबते. चावलेल्या जागी सूज येणं वेगळं. अंगभर पित्त उठलं, ओठ किंवा जीभ सुजली, श्वास लागला, चक्कर आली तर पित्ताच्या गोळीवर वेळ घालवू नये. 108 ला फोन करून माणसाला आडवं झोपवावं, श्वास लागत असेल तर टेकून बसवावं. तिथे अॅड्रेनलिनचं इंजेक्शनच लागतं. आमच्याकडून दवाखाना पाऊण तासावर आहे, आणि लेकीला हे सगळं तोंडपाठ आहे.

आज दहानंतर ऊन पडलं, मळभ नव्हतं. पेटीकडे जाण्याआधी लेकीने हनुवटीखाली बोट घालून चेन तपासली, वेल्क्रो दाबून बसवलं आणि मान हलवली. सहाही पेट्या बघून झाल्या. जाऊबाईंनाही एक सूट हवाय. त्यांचं माप मी शिंप्याकडे देऊन आले आहे.