कळण्याची भाकरी आणि सकाळचे चालणे: काही महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या पावसाळ्यापासून आमच्या घरी रात्री गव्हाच्या पोळीऐवजी दादरची (खानदेशी ज्वारीच्या एका जातीची) किंवा कळण्याची (ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेल्या पिठाची) भाकरी होते, जेवण आठच्या आत उरकते आणि सकाळी ऊन चढण्याआधी जळगावच्या मेहरूण तलावाच्या काठाने आम्ही अर्धा-पाऊण तास चालतो. खर्च जवळजवळ नाही आणि औषधी गोळीचा संबंधही नाही, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

कळण्याचे पीठ गिरणीतून तयार आणण्यापेक्षा धान्य निवडून स्वतः दळून आणणे मला जास्त पटले. आम्ही ज्वारी चार भाग, सालासकट काळे उडीद एक भाग आणि चवीपुरते खडे मीठ एकत्र दळतो. ज्वारीत ग्लुटेन नसल्याने नुसत्या ज्वारीची भाकरी थापताना कडेला चिरते. उडदाच्या चिकटपणामुळे कळण्याची भाकरी मात्र एकसंध राहते आणि धान्याच्या जोडीला डाळीची प्रथिनेही मिळतात. पीठ फार दिवस ठेवले तर त्याची विरी, म्हणजे चिकटून राहण्याचा गुण, जाते, त्यामुळे थोडे थोडेच दळावे. तंतुमय पदार्थांमुळे पोट लवकर भरते, रात्री उशिरा काही खावेसे वाटत नाही आणि सकाळी पोट साफ होते. हा फरक सगळ्यात आधी जाणवला.

दोन सावधगिरीच्या गोष्टी आहेत. ज्वारीतही मुख्यतः पिष्टच असते, म्हणून मधुमेह असलेल्यांनी भाकरी हवी तेवढी खाता येते असे समजू नये. दुसरी गोष्ट मिठाची. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसभरात 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवते. कळण्यात मीठ असतेच आणि वर ठेचा, पापड, लोणचे घेतले तर ही मर्यादा सहज ओलांडली जाते. आम्ही आता पिठात मीठ कमी घालतो आणि सोबत भरीत किंवा साधी पालेभाजी घेतो.

मनाच्या बाबतीत अधिक उपयोग चालण्याचा झाला, असे माझे स्पष्ट मत आहे. सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला की शरीराचे घड्याळ जागेवर येते आणि रात्री झोप आणणारे मेलाटोनिन वेळेवर वाढते. माझी झोप पूर्वी मध्यरात्रीनंतर मोडायची आणि दुसऱ्या दिवशी क्षुल्लक कारणावरून घरच्यांवर चिडचिड व्हायची. आता झोप सलग लागते, आणि वाद झालाच तरी मी लवकर शांत होतो. आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम व्यायाम ही सर्वमान्य शिफारस या चालण्यातच पूर्ण होते. शेजारचे काका बरोबर येऊ लागल्यापासून सहसा खाडा पडत नाही. बोलायला माणूस असणे हेही मला तितकेच मोलाचे वाटते.

खानदेशात उन्हाळ्यात पारा 45 अंशांपर्यंत जातो, तेव्हा सूर्योदयाआधीच निघावे लागते. चक्कर किंवा थकवा वाटल्यास त्या दिवशी चालणे टाळावे. रक्तदाबाच्या किंवा साखरेच्या गोळ्या या क्रमाच्या भरवशावर कोणीही परस्पर बंद करू नयेत. उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, किंवा जगण्यात रस उरला नाही असे वाटू लागले, तर भाकरी आणि चालणे पुरेसे नाही. डॉक्टरांना भेटावे, किंवा केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेच्या 14416 या क्रमांकावर बोलावे. तेथे मराठीतूनही बोलता येते.