जळगावचा ब्रेकवाला आणि उणे १८ मधली माझी सायकल

भुसावळच्या माणसाला सायकलचे ब्रेक गोठतील अशी धास्ती पडली आहे, हे ऐकून आमच्या सकाळच्या चहाच्या टपरीवर सगळे पोट धरून हसले. मे महिन्यात इथं पारा ४५ च्या वर जातो. पण माझं दुखणं खरं होतं आणि ते जळगावच्या एका छोट्या दुकानात बरं झालं, म्हणून हे लिहितोय. दुकानाला पाटी नाही. एक शटर, बाहेर टांगलेले टायर आणि आत एकटा मिस्त्री, अमळनेरकडचा. बोलणं अर्धं अहिराणीत.

मी रेल्वेत कॅरेज-वॅगनला फिटर होतो. सगळी नोकरी ब्रेकच्या कामातच काढली. आता निवृत्तीनंतर सायकल चालवतो, शिमानोच्या एमटी २०० हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकची. जानेवारीत आम्ही तिघं तोरणमाळला गेलो. शहाद्यापर्यंत सायकली पिकअपमध्ये, पुढे पायडल मारत. रात्री सायकली उघड्यावर, यशवंत तलावापासून जवळच. पहाटे सीटवर दव असं की फडका पिळून निघाला. घाट उतरायच्या आधी पुढचा ब्रेक दाबला तर लिव्हर आत गेला आणि परत येईना. बोटानं बाहेर ओढावा लागला. चाकही घासतंय. मी म्हणालो, तेल गोठलं. सोबतचे म्हणाले, गोठलं. मग मागच्या ब्रेकवर जीव मुठीत धरून सातपायरीचा घाट उतरलो.

ऑक्टोबरमध्ये हिमाचलातल्या स्पितीला जायचं ठरलेलं. तोरणमाळच्या थंडीत ही गत, तर तिथल्या काझा गावात काय होईल? म्हणून जळगाव गाठलं.

मिस्त्रीनं माझं सगळं ऐकून घेतलं आणि चहाचे दोन रिकामे ग्लास पाण्यानं अर्धे भरले. मागच्या ब्रेकमधून सिरिंजनं थोडं तेल काढून एकात टाकलं. लालसर तेल, पाण्यावर तवंगासारखं तरंगत राहिलं. पुढच्या ब्रेकमधलं काढलं ते पिवळट, गढूळ. दुसऱ्या ग्लासात त्यातलं थोडं वर राहिलं, बाकीचं पाण्यात विरघळून गेलं. "भो, हाई तेल यानं नही शे," (भाऊ, हे तेल याचं नाही) एवढंच बोलला.

तेव्हा आठवलं. पावसाळ्यात एका दुकानात (कुठल्या ते सांगत नाही) पुढच्या ब्रेकमध्ये तेल भरून घेतलं होतं. तिथं मोटरसायकलचं डॉट ४ ब्रेक ऑइल टाकलं. मी समोर उभा राहून चहा पीत होतो आणि बाटलीवरचं वाचलं नाही. जन्मभर ब्रेक केलेल्या माणसानं! शिमानोला लागतं मिनरल ऑइल. त्याच्या रबरी सील डॉटमध्ये फुगतात, पिस्टन घट्ट धरतात आणि थंडीत रबर आणखी कडक होतं. तोरणमाळच्या गारठ्यानं फक्त चोरी पकडून दिली.

डॉट तेल मुळात वाईट नाही, हेही त्यानंच समजावलं. ज्या ब्रेकसाठी ते बनलंय त्यात ते थंडीला उलट सरस. डॉट ४ आणि ५.१ ला उणे ४० अंशांतही किती पातळ राहायचं याची मर्यादा ठरलेली आहे, मिनरल ऑइलला असं सगळ्यांचं मिळून एक प्रमाण नाही. पण डॉट हवेतली ओल पितं, म्हणून ते वेळेवर बदलावं लागतं. मिनरल ऑइल ओल पीत नाही, पण आत पाणी शिरलंच तर ते तळाला, म्हणजे कॅलिपरमध्ये (चाकाजवळ डिस्कवर पॅड दाबणारा भाग), जाऊन बसतं. गोठतं ते हे पाणी. मला हे लगेच पटलं. रेल्वेगाडीच्या हवेच्या ब्रेकमध्येही आमचा शत्रू पाणीच असायचा, ते काढून टाकायलाच तर ड्रेन कॉक.

कॅलिपरच्या सील सुट्या मिळत नाहीत, त्यामुळे पुढचा संच अख्खा बदलला. मागचा उघडून पिस्टन पुसले, नवीन तेल भरून हवा काढली. सगळं मिळून ३,४०० रुपये. मजुरी त्यातली फक्त ५००, ती मला कमीच वाटली.

आता परीक्षा कुठे घ्यायची? आधी रावेरच्या पाहुण्यांच्या केळीच्या कोल्ड स्टोरेजचा विचार केला. पण केळी ठेवतात १३-१४ अंशांवर, त्याखाली साल काळी पडते. तेवढी थंडी तर डिसेंबरात आमच्या अंगणातही असते. शेवटी ओळखीच्या एका आइस्क्रीमच्या होलसेलवाल्याला गळ घातली. त्याची खोली उणे १८ ची. बायको म्हणाली, सायकलला फॅमिली पॅक आणा. ठेवताना मागच्या कॅलिपरवर मुद्दाम पेलाभर पाणी ओतलं, पुढचा कोरडा ठेवला. रात्रभर सायकल मँगो आणि बटरस्कॉचच्या खोक्यांमध्ये.

सकाळी स्वेटर, मफलर घालून आत गेलो. पुढचा लिव्हर जड, सोडल्यावर सावकाश परत आला. दहा-बारा वेळा दाबला तसा मोकळा होत गेला. चाक धरत होतं, सोडत होतं. मागचं चाक मात्र हलेचना. पॅड आणि डिस्क बर्फानं चिकटलेले. जोर लावल्यावर कट्‌कन आवाज होऊन सुटलं. तेल दोन्हीकडे तेच, मिस्त्री तोच. फरक पेलाभर पाण्याचा.

बाहेर आणली तर पाच मिनिटांत सगळी सायकल घामेजली, दांड्यावरून थेंब गळायला लागले. म्हणजे थंडीतून उबदार खोलीत आणलेली सायकल पुसून, वाळवूनच परत बाहेर काढायची, नाहीतर तेच पाणी पुन्हा गोठणार. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मिस्त्रीला फोन करून विचारलं, आता गरम पाणी ओतू का? तो ओरडलाच. तेही पाणीच ना! आणि सुटं करायला डिस्कवर तेलाचा स्प्रे मारू नका, पॅड तेल पितात आणि ब्रेक लागायचा बंद होतो. ओल्यातून आलात की उभी करण्याआधी चालता चालता ब्रेक हलके दाबत या, डिस्क तापून कोरडी होते.

आता तक्रारी. दुकान दहाला उघडतो म्हणतो, अकराच्या आधी शटर वर जात नाही. दोन दिवसांचं काम पाच दिवस चाललं आणि त्यासाठी मी भुसावळहून तीन खेपा केल्या. पक्कं बिल देत नाही, वहीच्या पानावर आकडे. पहिल्या वेळी मागच्या डिस्कला हाताचं तेल लागलं असावं, ब्रेक दाबला की रेड्यासारखा ओरडायचा. परत नेल्यावर डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसली, पॅड पॉलिश पेपरवर घासले, पैसे घेतले नाहीत. तरी खेप ती खेप.

पाचपैकी साडेतीन तारे दिले असते, त्या दोन ग्लासांसाठी चार देतो. मागचे पॅड घासूनही थोडे कुरकुरतात. जायच्या आधी नवे टाकायला परत जाणार आहे, अकरानंतर.