भाडभूतच्या मच्छीमारांच्या नावाने पावत्या फाडणाऱ्यापासून सावध राहा

बडोद्यातल्या मराठी मंडळांना, त्यातही दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा भागातल्या महिला मंडळांना आधीच सांगून ठेवते. भरूचजवळ नर्मदेकाठी असलेल्या भाडभूतच्या मच्छीमारांच्या आंदोलनासाठी मदत मागायला कोणी फाइल घेऊन दारात आला तर पाणी विचारा, हवा तर चहा पाजा, पण पैसे देऊ नका. आमच्या मंडळाचे चाळीस हजारांच्या वर गेले. खजिनदार मीच, त्यामुळे आकडा तोंडपाठ आहे.

हा माणूस नदीबद्दल एक अक्षरही खोटं बोलला नाही. म्हणून तर सगळ्याजणी ऐकत बसल्या.

आमच्याकडे पाला, म्हणजे हिलसा मासा, खाणारी घरं बरीच. पावसाळ्यात भरूचकडचा पाला आला की काटे काढता काढता जेवण तासभर चालायचं. हल्ली तो दिसला तर दिसला, आणि दिसला तरी भाव ऐकून पिशवी मिटायची. असं का झालं ते त्याने नीट समजावून सांगितलं. पाला समुद्रातला, पण अंडी घालायला नर्मदेच्या गोड्या पाण्यात वर चढतो. सरदार सरोवराचे दरवाजे जून २०१७ मध्ये बंद झाले, धरण पूर्ण उंचीचं, म्हणजे १३८.६८ मीटरचं झालं. खाली सोडायचं पाणी किती, तर वर्षानुवर्षं ६०० क्युसेकचा हिशोब. एवढ्याशा पाण्याने भरती कशी रेटली जाणार? खाडीचं खारं पाणी भरूचच्या वर चढलं. पाणी हवं तेव्हा नाही, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये एकदम सोडलं तेव्हा भरूच-अंकलेश्वरच्या वस्त्या बुडाल्या. हे तर आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंय.

त्यात भाडभूतचा बराज, म्हणजे नदीवरचा दरवाजांचा बंधारा. ८ ऑक्टोबर २०१७ ला पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली. सरकारचं म्हणणं, खारं पाणी अडेल, गोडं साठेल, शेतीला आणि प्यायला मिळेल. मच्छीमारांचं म्हणणं, त्याच भिंतीला आमचा मासाही अडेल. वर धरण, खाली बराज, मग जाळं टाकायचं कुठे? मोर्चे, निवेदनं तेव्हापासून चालू आहेत. भरपाईची गोष्ट निघाली की पहिला प्रश्न येतो, कागद दाखवा. आता होडीवाल्याकडे सातबारा कुठून येणार? खरं तर २०१३ च्या भूसंपादन कायद्यात बाधित कुटुंबांच्या व्याख्येत पाण्यावर पोट असलेल्यांचा, मच्छीमारांचा स्पष्ट उल्लेख आहे. कलमासकट त्याने हे सांगितलं. मी नंतर पडताळून पाहिलं, तेही बरोबर निघालं.

मग त्याने हळूच पुण्याचं नाव काढलं. 'केस पुण्याला आहे, ताई.' पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या राष्ट्रीय हरित लवादाचं पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यात आहे आणि गुजरात त्याच्याच कक्षेत येतो. पुन्हा खरंच! पण पुणे म्हटल्यावर आमच्या निम्म्या बायकांना माहेर आठवलं. स्वतः अक्कलकुव्याकडचा, आईवडील सरदार सरोवराच्या बुडितातून उठलेले, असंही सांगितलं. मराठी अगदी आपल्यासारखी, मधूनच गुजराती. अविश्वास ठेवायला जागाच नव्हती.

त्याची फाइल मला अजून डोळ्यांसमोर दिसते. निळं प्लॅस्टिकचं कव्हर, आत एकेका कुटुंबाचा कागद, आधारची झेरॉक्स, होडीच्या नोंदणीची झेरॉक्स, खाली अंगठा. पासपोर्ट फोटो स्टेपल केलेले. एका म्हाताऱ्या बाईच्या फोटोत पिन बरोबर कपाळातून गेली होती. आमच्या मोठ्या काकूंनी ती नखाने उचकटून काढली, फोटो पदराला पुसला आणि यू-क्लिपने परत लावून दिला. त्यानंतर सगळ्यांच्या पर्सा उघडल्या. पैसे कशासाठी, तर प्रत्येक मच्छीमारामागे लवादाची 'कोर्ट फी', वकिलांचं जाणंयेणं आणि मासेमारी बंद असलेल्या घरांना रेशनचे किट. काहींनी रोख दिले, तरुण सुनांनी क्यूआर स्कॅन केला. गौरी-गणपतीच्या वर्गणीतून उरलेली रक्कमही मंडळाने ठराव करून दिली.

पहिली शंका आली ती किटवरून. आम्ही म्हटलं, तांदूळ-डाळ आम्हीच घेऊन येतो, तुम्ही फक्त गाव दाखवा. तर आज पोलीस बंदोबस्त आहे, उद्या मीटिंग आहे, परवा भरतीची वेळ बरोबर नाही. केस नंबर मागितला तर म्हणे, 'नंबर बाहेर गेला की कंपनीवाले दबाव आणतात.' आता लवादातला खटला काही तिजोरीत नसतो. नंबर असला की घरबसल्या वेबसाइटवर तारखा दिसतात. जो खटला लढवतोय त्याला नंबर लपवायचं कारणच काय?

शेवटी आमच्यातल्या दोघी भरूचला लग्नाला गेल्या होत्या, त्या परतताना सरळ नदीकाठच्या वस्तीवर गेल्या. जाळं दुरुस्त करत बसलेल्या एका बाईला मोबाइलमधला त्याचा फोटो दाखवला. तिने पाहिला आणि म्हणाली, 'आ तो फॉर्मवाळो भाई.' तिच्या घरातून आणि आजूबाजूच्या घरांतूनही त्याने भरपाईच्या यादीत नाव घालतो म्हणून फॉर्मचे पैसे नेले होते, वर आधार आणि फोटो. म्हणजे जी फाइल दाखवून त्याने आम्हाला पाघळवलं, ती त्याने त्यांच्याकडूनच पैसे घेऊन बनवली होती. आमच्या मदतीचं विचारलं तर ती नुसती हसली. 'अमने तो एक रुपियो नथी मळ्यो, बेन.' वस्तीतल्या मच्छीमार समाजाच्या जाणत्या माणसांनाही विचारलं. आंदोलन आहे, खटल्याचंही त्यांना सगळं माहीत आहे, पण हा माणूस त्यांचा कोणी नाही.

कोर्ट फीचं मग माझ्या भाच्याने पुण्याहून सांगितलं. भरपाई मागितली नसेल तर लवादात अर्जाची फी एक हजार रुपये. अर्जाची, माणशी नव्हे. भरपाई मागितली तर मागितलेल्या रकमेच्या एक टक्का, आणि दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला फी माफ. आम्ही ज्यासाठी हजारो रुपये मोजले ते त्या लोकांना बहुधा फुकट होतं.

पावत्या नंतर जवळ ठेवून पाहिल्या. गुलाबी कागद, वर होडीचं चित्र, संस्थेचं नाव भारदस्त, पण ट्रस्टचा नोंदणी क्रमांक कुठेच नाही. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली संस्था तो आधी छापते. आमच्या वाड्यातल्या आणि रावपुऱ्यातल्या माझ्या नणंदेच्या पावतीवर तर एकच नंबर! रोख दिले तरी देणगीवरची ८०जी ची आयकर सवलत मिळेल असं तो छातीठोकपणे सांगत होता. दोन हजारांच्या वर रोख दिलेल्या देणगीवर ती सवलत मिळतच नाही. क्यूआर स्कॅन केल्यावर पैसे पाठवायच्या आधी खातेदाराचं नाव दिसतं, तिथे संस्थेऐवजी कुठल्याशा मोबाइल दुरुस्तीच्या दुकानाचं नाव आलं होतं. एका सुनेने विचारलंही होतं. 'आमच्या कार्यकर्त्याचं खातं आहे, संस्थेचं गोठवलंय,' हे उत्तर तयार होतं.

ऑनलाइन गेलेल्या पैशांची तक्रार १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर केली आहे, बँकेला आणि पोलिसांना लेखी अर्ज दिला आहे. उशीर झाला होता, त्यामुळे फार आशा नाही. हा नंबर लागलीच फिरवला तर पुढच्या खात्यात पैसे अडवता येतात. रोखीचं तर नावच सोडा. मला जास्त काळजी त्या झेरॉक्सची वाटते. इतक्या घरांची आधारं आणि अंगठे त्याच्या हातात आहेत. त्यांच्या नावावर उद्या सिमकार्ड घेतील की कर्ज, कोण जाणे. वस्तीतल्या लोकांनाही आमच्याबरोबर तक्रार द्यायला सांगितलंय, दोन घरं तयार झाली आहेत.

मदत करायचीच असेल तर भरूच काही लांब नाही, सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं. मच्छीमार समाजाच्या लोकांना तिथे भेटा आणि हवं ते त्यांच्या हातात द्या.

माणूस चाळिशीचा, उंच, बारीक फ्रेमचा चष्मा, खांद्याला खादीची झोळी, बोलताना आधी नमस्कार मग 'ताई'. गुलाबी पावतीपुस्तक, निळी फाइल. आमच्या गल्लीत आता त्याचं काम झालंय. जाता जाता त्याने कारेलीबागेतल्या मराठी मंडळांची नावं विचारून घेतली होती आणि आम्हीच ती फोन नंबरांसकट लिहून दिली. त्या मंडळांना मी फोन केले आहेत, पण सगळ्यांनी उचलले नाहीत.