कुंकळ्ळीची सिंगल माल्ट, सिंदेवाहीच्या जिभेवर

आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ ते २०२१ दारूबंदी होती. मोहाची कधी बंद होती, ते विचारू नका.

धानाची मळणी उरकून आम्ही तिघं मडगावला उतरलो, तिथून कुंकळ्ळीला पॉल जॉन या सिंगल माल्टची, म्हणजे एकाच कारखान्यात नुसत्या सातूपासून गाळलेल्या व्हिस्कीची, डिस्टिलरी पाहायला. आत शिरताच आंबलेल्या सातूचा वास आला अन् मले चैतातलं अंगण आठवलं, मोहफुलं सडवलेलं मडकं. तत्त्व तेच. सातूला कोंब आणायचे, वाळवायचे, भरडून गरम पाण्यात गोडी उतरवायची, यीस्ट घालायचं, मग तांब्याच्या भांड्यात दोनदा उकळायचं. तांबं गंधकाचा उग्र वास ओढून घेतं. आमच्या मडक्याला हे कुठून जमणार! गोव्याच्या उकाड्यात लाकडी पिपांतून दरवर्षी बरीच व्हिस्की उडून जाते, स्कॉटलंडपेक्षा कितीतरी जास्त. पण मुरतेही लवकर.

मग चाखली त्यांची ब्रिलियन्स नावाची व्हिस्की, ४६ टक्के अल्कोहोलची. आधी मध, मग भाजलेल्या धान्याची चव, शेवटी जरा तिखट. दोन थेंब पाणी घातलं की वास खुलतो, नुसतीच ढोसू नका. त्यांचीच दुसरी, बोल्ड, धुरकट आहे. सोबतचे दोघं खूश. मला चुलीपुढं फुंकणी घेऊन बसल्यासारखं वाटलं.

पुढं नागपुरातून ब्रिलियन्सची एक बाटली घेतली. बाबांनी घोटभर जिभेवर घोळवली, डोळे मिटले अन् म्हणाले, “बेस आहे गा. पण याच्यात फूल कोन्तं टाकलं?”