अटकेच्या नोंदी शोधणारी साइट: सात महिने, 210 डॉलर आणि एक आडनाव

काल वर्गणी बंद केली. एक डॉलरची चाचणी म्हणून सुरू झालेलं प्रकरण दरमहा 30 डॉलरने सात महिने चाललं. साइटचं नाव लिहीत नाही. अमेरिकेत असल्या साइट ढिगाने आहेत आणि सगळ्यांचा घाट एकच: नाव टाका, राज्य निवडा, ‘अहवाल तयार होत आहे’ म्हणत पट्टी सरकते आणि शंभर टक्क्यांपाशी कार्डाचा नंबर मागितला जातो. ज्यांनी घाबरलेल्या अवस्थेत रात्री दोन वाजता तो नंबर दिला असेल, त्यांना पुढचं कळेल.

ऑक्टोबरमधला शुक्रवार. माझा भाचा टेक्ससमधल्या डॅलसहून ऑस्टिनला मित्राकडे निघाला होता. नऊपर्यंत पोचायला हवा होता. साडेअकराला सांगलीहून बहिणीचा फोन आला, तिच्याकडे शनिवारची सकाळ होती. “ताई, त्याचा फोन बंद येतोय गं.” आधी मी इस्पितळांना फोन केले. मग त्याच्या रूममेटने चाचरत सांगितलं, की उन्हाळ्यात शहराबाहेरच्या रस्त्यावर वेगाचं तिकीट, म्हणजे गाडी जास्त वेगाने चालवल्याची दंडाची चिठ्ठी, मिळालं होतं आणि कोर्टाचं पत्र जुन्या पत्त्यावर गेलं असावं. टेक्ससमध्ये वेगाचा गुन्हा सगळ्यांत खालच्या वर्गातला, त्याला फक्त दंड. पण कोर्टाच्या तारखेला गेला नाहीत तर वॉरंट निघतं, आणि पुढच्या वेळी गाडी थांबवली की थेट जेल.

पण कुठलं जेल? टेक्ससमध्ये 254 काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारखे भाग, आहेत. डॅलसहून आय-35 महामार्गाने खाली जाताना एलिस, हिल, मॅक्लेनन, बेल, विल्यमसन अशा एकामागून एक लागतात. प्रत्येकीचा शेरीफ, म्हणजे पोलीसप्रमुख, वेगळा, जेल वेगळं, यादी वेगळी. कुठे चांगली शोधपेटी, कुठे सकाळी एकदा चढवलेली पीडीएफ. सांगलीत मेव्हण्यांनी राज्य कारागृहांची यादी शोधून काढली, ती इथे निरुपयोगी. ती शिक्षा झालेल्या कैद्यांची. आज रात्री पकडलेला माणूस काउंटीच्या जेलमध्ये असतो, नाहीतर आधी शहराच्या पोलीस कोठडीत. म्हणून ‘सगळ्या काउंटी एका पेटीत’ हे वाक्य वाचलं आणि मी कार्ड काढलं.

साइटने काय दिलं? त्याच आडनावाच्या दुसऱ्याच एका माणसाची दुसऱ्या राज्यातली जुनी नोंद, आणि माझ्या भाच्याचे मागचे तीन पत्ते. त्या रात्रीचं काहीच नाही. मग मी काउंट्यांच्या फुकट याद्या एकेक करून उघडल्या. तिथेही नाही. शेवटी जेलना फोन लावत सुटले. तिसऱ्या ठिकाणी चार वाजून चाळीस मिनिटांनी एका बाईने शांतपणे विचारलं, “जन्मतारीख?” मी बहिणीने सांगितल्याप्रमाणे सात, अकरा सांगितली. मिळेना. मग लक्षात आलं, इथे महिना आधी. अकरा, सात. “हो, आहे. बरा आहे.” मी स्वयंपाकघरात खालीच बसले.

त्याच जेलची यादी मी दोनदा पाहिली होती. मग दिसला का नाही? ही गोष्ट मला सात महिने सलते आहे, तेव्हा सविस्तर लिहिते. भाच्याचं आडनाव ‘क्ष’ने सुरू होतं. मी के-एस-एच टाकून शोधत होते. भाच्याने नाव सांगताना शाळेपासूनच्या सवयीने स्वतःचं, वडिलांचं आणि आडनाव असं तिन्ही सांगितलं. टेक्ससमध्ये मेक्सिकन घरांमुळे दोन आडनावं लावणारी माणसं भरपूर. नोंद करणाऱ्याने वडिलांचं नाव आणि आडनाव मिळून जोड-आडनाव धरलं. त्यामुळे यादीत तो वडिलांच्या नावाच्या आद्याक्षराखाली, ‘डी’मध्ये, आणि मी ‘के’मध्ये डोळे फाडून बघते आहे. पासपोर्टमध्येही आपलं आणि वडिलांचं नाव बहुधा एकाच रकान्यात असतं. प्रत्येक कारकून त्याचा वेगळा अर्थ लावतो. पैसे घेणाऱ्या साइटला हा घोळ मुळीच झेपत नाही. तिला बरोबर नाव हवं, आणि ते बरोबर कुणाच्या मते ते ती सांगत नाही.

माझी आताची पद्धत अशी. आडनावाची पहिली तीनच अक्षरं टाकायची. मग वडिलांचं नाव आडनावाच्या जागी. मग स्वतःचं नाव आडनावाच्या जागी. तरी नाही, तर सरळ फोन आणि जन्मतारीख, महिना आधी. शिवाय अटक झाल्याझाल्या नाव यादीत येत नाही. बोटांचे ठसे, फोटो, सामानाची पावती, तब्येतीची तपासणी हे सगळं आटोपायला कित्येक तास जातात. सुटला की काही काउंट्यांत नाव लगेच गायब होतं. म्हणजे यादीत नाव नाही याचा अर्थ माणूस जेलमध्ये नाही, असा होत नाही.

तो शनिवारी दुपारी मॅजिस्ट्रेटसमोर उभा राहून सुटला. वर्गणी मात्र मी चालू ठेवली. वाटलं, मंडळातल्या कुणाला उपयोग होईल. झाला नाही. एकांना भाडेकरू तपासायचा होता, तर तेही चालत नाही. 1970 च्या फेअर क्रेडिट रिपोर्टिंग ॲक्टप्रमाणे भाडेकरू किंवा नोकर निवडायला असली साइट वापरता येत नाही, आणि नोंदणी करताना आपण तसं मान्यही करतो. मग उरलं काय? ताजी अटक काउंटी फुकट दाखवते, फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या तुरुंगातला, कैदी ब्यूरो ऑफ प्रिझन्सच्या शोधात फुकट सापडतो, इमिग्रेशनने धरलेल्यांसाठी आयस या त्यांच्या खात्याची वेगळी फुकट पेटी आहे, तिला जन्मदेश सांगावा लागतो. उरलेल्या जुन्या पत्त्यांसाठी मी महिन्याला 30 डॉलर देत होते. तेवढ्यात आमची आठवड्याची भाजी येते.

यातलं बरंचसं मी मार्चमध्येच लिहून ठेवलं होतं. तेव्हा शेवटी एक रागाचा परिच्छेद होता: पोरांचे जेलमधले फोटो असे उघड्यावर टाकूच नयेत, ही सगळी यादी बंद करावी. तो मी आता काढला आहे.

एप्रिलमध्ये केंटकीहून मैत्रिणीच्या मुलीचा फोन आला. नवऱ्याने मारहाण केली, पोलिसांनी त्याला नेलं, आणि तो कधी सुटेल या भीतीने ती दिवे लावून जागी होती. मी तिला व्हाइन नावाच्या सेवेत नोंदवलं. फुकट. कैद्याची नोंद शोधायची, आपला नंबर द्यायचा, तो सुटला की फोन आणि मेसेज येतो. फोन उचलून पिन टाकेपर्यंत पुन्हा पुन्हा येत राहतो. तिला तो पहाटे आला आणि ती मुलाला घेऊन शेजारणीकडे गेली. ही सेवा केंटकीतल्याच लुईव्हिलमध्ये 1994 साली सुरू झाली. आदल्या वर्षी डिसेंबरमध्ये मेरी बायरन या मुलीला तिच्या एकविसाव्या वाढदिवशी, तिच्यामुळे तुरुंगात गेलेल्या माणसाने गोळ्या घातल्या होत्या. तो जामिनावर सुटल्याचं तिला कुणी कळवलंच नव्हतं. हे वाचल्यावर यादी बंद करा असं माझ्या हातून लिहवेना.

राग आता एवढाच, की सरकारने फुकट ठेवलेली माहिती शिळी करून भेदरलेल्या माणसांना विकतात.

शेवटचं. भाच्याचा त्या रात्रीचा फोटो जेलमधले फोटो टाकणाऱ्या एका साइटवर अजून आहे. टेक्ससने 2013 मध्ये कायदा केला: अशा साइटवरची नोंद चुकीची असल्याची लेखी तक्रार आली, तर ती फुकट पडताळून पाहावी लागते. नोंद चुकीची आहेच, आडनाव चुकलंय. मी पत्र लिहून पाकिटात घातलं, तिकीट लावलं. मग भाचा म्हणाला, “मावशी, थांब. त्यांनी नाव दुरुस्त करून फोटो तसाच ठेवला तर?” आज त्याचं खरं नाव टाकून शोधलं तर तो फोटो येत नाही. वडिलांच्या नावाखाली, ‘डी’मध्ये पडून आहे. नोकरीच्या मुलाखती चालू आहेत त्याच्या. पाकीट माझ्या टेबलावरच आहे.